नीट बस! औंधच्या राजापासून विट्याच्या मागापर्यंत पाठीच्या कण्याचा इतिहास

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे, अडखळणं तेवढं काढलंय.)

कसे आहात? आणि आत्ता, हे ऐकताना, कसे बसला आहात?

बघा, विचारल्याबरोबर निम्मे जण ताठ झाले असणार. मीसुद्धा माइकसमोर बसून हे वाक्य म्हणताना ताठ झाले. "नीट बस" हे दोन शब्द आपल्या डोक्यात इतके खोल गेलेत की कुणी नुसतं बघितलं तरी पाठ सरळ होते. आई म्हणते, बाई म्हणतात, आता तर घड्याळसुद्धा म्हणतं. पण नीट म्हणजे कसं? ते कुणी ठरवलं? आणि कुणाची पाठ बघून ठरवलं? आजचा भाग त्यावर आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करते, कारण प्रश्न तिथूनच आला.

मी मूळची विट्याची. सांगली जिल्हा, खानापूर तालुका. गावात शिरलात की आधी आवाज ऐकू येतो, यंत्रमागाचा. खडाक-खट, खडाक-खट. आमचे आण्णा तीस वर्षं मागावर आहेत. मालक नाहीत, कामगार. मी मात्र मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑडिओ एडिट करते. गेल्या वर्षी माझी मान धरली. शहरात एका फिजिओकडे गेले. तिनं मला अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. काम काय, किती तास, मध्ये उठता का, झोप कशी, टेन्शन आहे का. मग चार व्यायाम दिले, आणि दीड-दोन महिन्यांत मान मोकळी झाली.

मला वाटलं, आण्णांची कंबर तर दहा वर्षं दुखतेय, त्यांनाही दाखवू. त्यांना जवळ पडेल अशा दुसऱ्या एका ठिकाणी नेलं. पाच मिनिटांत काम झालं. पट्टा दिला आणि एक छापील कागद. ताठ बसा. वाकू नका. जड उचलू नका. एसटीत आण्णांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि म्हणाले, "वाकायचं न्हाय म्हणत्यात. मग तार काय उभ्यानं जोडायची व्हय?"

मी काही बोलले नाही. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या कागदावर जे लिहिलं होतं, ते चूक नव्हतं. ते आण्णांसाठी लिहिलेलंच नव्हतं. मग ते कुणासाठी लिहिलं होतं? हे शोधायला लागले आणि तीनशे वर्षं मागे गेले.

मोडेनाचा डॉक्टर

इटलीत मोडेना नावाचं शहर आहे. तिथे सतराव्या शतकाच्या शेवटी बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा डॉक्टर होता. त्याच्या घरचा मैलखड्डा उपसायला एक माणूस आला. तो फार घाईनं काम करत होता. रामाझिनीनं विचारलं, एवढी घाई कशाला? त्यानं सांगितलं की या कामात जास्त वेळ राहिलं तर डोळे जातात. रामाझिनी मोठा वैद्य, राजदरबारात वावर असलेला, पण हे त्याला कुठल्याच ग्रंथात सापडलं नव्हतं. मग तो गावभर फिरायला लागला. कुंभार, सोनार, विणकर, शिंपी, छापखान्यातले कामगार, सगळ्यांच्या कामाच्या जागी जाऊन बघायला लागला. 1700 साली त्यानं कामगारांच्या आजारांवर पुस्तक काढलं. अशा विषयाचं ते पहिलं मोठं पुस्तक मानतात.

त्यानं दोन कारणं वेगळी केली. एक, ज्या मालाशी काम करतो त्याची धूळ, वाफ, विष. आणि दुसरं, शरीराच्या वेड्यावाकड्या, जबरदस्तीच्या हालचाली, आणि तासन्‌तास एकाच अवस्थेत राहणं. शिंपी आणि जोडे शिवणारे बसून बसून कसे पोक काढून चालतात, हे त्यानं लिहून ठेवलंय. आणि सगळ्या डॉक्टरांना त्यानं एक सल्ला दिला. नाडी बघता, जीभ बघता, तसा रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, तुम्ही काम काय करता?

मला माझ्या फिजिओनं तो प्रश्न विचारला होता. आण्णांना विचारला गेला नव्हता. फरक एवढाच होता.

काठीला बांधलेलं झाड

आता गंमत बघा. रामाझिनीचा प्रश्न पुढे फार कुणी विचारला नाही. युरोपात जो विचार जोरात चालला, तो वेगळाच. 1741 मध्ये पॅरिसच्या निकोला आंद्री नावाच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं एक पुस्तक लिहिलं आणि ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून नाव बनवलं. एकाचा अर्थ सरळ, दुसऱ्याचा अर्थ मूल. आज ज्याला आपण ऑर्थोपेडिक म्हणतो, तो शब्द इथून आला. म्हणजे हाडांच्या डॉक्टरच्या पाटीवर आजही 'सरळ मूल' असंच लिहिलेलं असतं! त्या पुस्तकात एक चित्र आहे. वाकडं वाढलेलं रोप, दोरीनं सरळ काठीला बांधलेलं.

हे चित्र नीट लक्षात ठेवा. कारण इथे पाठीचा प्रश्न वळणाचा झाला. सरळ पाठ म्हणजे चांगल्या घरचं मूल, शिस्तीचा सैनिक. वाकलेली पाठ म्हणजे आळशी, गावंढळ. 1813 मध्ये स्टॉकहोमला पेर हेन्रिक लिंगनं व्यायामाची सरकारी संस्था काढली. आजच्या फिजिओथेरपीचं एक मूळ तिथे आहे. त्यातून व्यायामाचे उपचार आले, तशीच शाळा आणि पलटणीची कवायतही आली. सावधान, विश्राम. इंग्रजी अमदानीत ती कवायत आपल्या शाळांतही पोचली.

आपल्या शेजारचा राजा

आणि इथे गोष्ट आपल्या घराजवळ येते. विट्याच्या एका बाजूला आटपाडी. आज तो सांगली जिल्ह्यातला तालुका, पण संस्थानी काळात तो औंधच्या राजाचा मुलूख होता. औंध म्हणजे सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. तिथले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, आणि सगळ्यात जास्त वेड सूर्यनमस्काराचं.

आधी ते सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करायचे. सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध पहिलवान. हो, आपण ज्याला सँडो बनियन म्हणतो ना, तोच! साधनं, पुस्तकं, सगळं मागवून बरीच वर्षं त्यांनी ते केलं. मग ते सोडून नमस्काराकडे वळले आणि रोज शेकडो घालायला लागले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. 1928 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, आणि 1938 मध्ये लंडनहून दुसरं. नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत, ते आपल्याकडे आधीपासून होतेच. पण त्यांना पद्धतशीर व्यायामाचं रूप देऊन जगभर नेण्यात या राजाचा वाटा मोठा आहे. आज न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जे सूर्यनमस्कार चालतात, त्याचा एक धागा औंधला येतो. आपण मात्र औंधला जातो आणि संग्रहालय बघून परत येतो.

नमस्कारात एक गोष्ट आहे जी कवायतीत नाही. कवायतीत पाठ एका जागी ताठ धरायची. नमस्कारात ती पुढे वाकते, मागे वळते, पुन्हा पुढे येते. वाकणं हा तिथे दोष मानलेला नाही, तो व्यायामाचाच भाग आहे. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

याच राजानं 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळची जागा दिली. निवडुंगानं भरलेला माळ होता तो. तिथे कारखाना आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे एकाच छोट्या संस्थानात शाळेतलं मूल नमस्कार घालत होतं आणि थोड्याच अंतरावर ओतशाळेत माणूस दिवसभर वाकत होता. मुलाच्या पाठीवर राजानं पुस्तक लिहिलं. ओतशाळेतल्या, उसाच्या फडातल्या, मागावरच्या पाठीला तसं कौतुक मिळायला अजून खूप वर्षं होती. राजाला दोष देत नाही मी. तेव्हा जगभर हेच चालू होतं.

पोलिओ, आणि लंडनची बस

आपल्या देशात फिजिओथेरपी शिकवायला सुरुवात झाली ती कामगारांसाठी नव्हे. मुंबईत पोलिओची साथ आली होती. मुलांचे पाय लुळे पडत होते आणि त्यांना पुन्हा चालायला शिकवणारी माणसंच नव्हती. म्हणून 1952 मध्ये केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. पाठोपाठ 1955 मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. हे काम फार मोठं होतं. पण त्याचा स्वभाव दुरुस्तीचा. आधी मोडलं, मग जोडलं. मोडतं कुठे आणि का, हा प्रश्न वेगळा.

तो प्रश्न त्याच सुमारास लंडनमध्ये एक डॉक्टर विचारत होता. जेरी मॉरिस. त्यानं बसवाले निवडले. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. पगार जवळपास सारखा, वस्ती सारखी, फक्त हालचाल वेगळी. 1953 मध्ये त्याचा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आला. कंडक्टरांना हृदयविकार कमी. आज आपण "चालत राहा" म्हणतो, त्याच्या मुळाशी हे संशोधन आहे.

पण मला त्याहून आवडतो तो त्याचा पुढचा भाग. 1956 मध्ये मॉरिसच्या गटानं बसवाल्यांच्या युनिफॉर्मची नोंद बघितली. पँटची मापं! आणि दिसलं की ड्रायव्हरांची कंबर आधीपासूनच मोठी होती. म्हणजे सगळा फरक जिन्यामुळे नव्हता, कुठल्या कामाला कसा माणूस जातो यानंही होता. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतःच तपासायला धैर्य लागतं. ते त्यांनी दाखवलं.

मोजायची हत्यारं

यानंतर पाठीला मोजायचं युग आलं. भराभर सांगते.

1960 च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी मणक्यांमधल्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त, असं त्यांना दिसलं. "बसणं वाईट, ताठ बसा" याला शास्त्राचा शिक्का मिळाला तो इथून. मग 1999 मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी हे पुन्हा मोजलं, एकाच माणसावर, पण दिवसभर. तर खुर्चीत टेकून, सैल पसरून बसल्यावर दाब उलट कमी निघाला! वीस किलोचं ओझं पाठ गोल करून उचलल्यावर मात्र तो कितीतरी पट वाढला. म्हणजे नुसतं पोक काढून बसणं आणि पोक काढून ओझं उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोघांना एकाच काठीनं झोडत होतो.

1977 मध्ये फिनलंडच्या एका पोलाद कारखान्यात कामगारांच्या अवस्थांची यादी करायची पद्धत निघाली. पाठ कशी, हात कुठे, पाय कसे, वजन किती. 1987 मध्ये नॉर्डिक देशांनी एक प्रश्नावली काढली. माणसाच्या आकृतीचे नऊ भाग. मान, खांदे, कोपर, मनगट, वरची पाठ, कंबर, मांड्या-खुबे, गुडघे, घोटे. गेल्या बारा महिन्यांत कुठे दुखलं? त्यामुळे रोजचं काम अडलं का? गेल्या सात दिवसांत दुखलं का? आणि 1993 मध्ये नॉटिंगहॅमच्या लिन मॅकॅटॅम्नी आणि नायजेल कॉर्लेट यांनी 'रुला' आणली. काम करणाऱ्याकडे बघून मान, हात, मनगट, धड यांना गुण द्यायचे. एक म्हणजे ठीक, सात म्हणजे आत्ताच्या आत्ता काम बदला.

मला ही हत्यारं आवडतात, कारण ती स्वस्त आहेत. एमआरआय लागत नाही. कागद, पेन, आणि कामाच्या जागी जायची तयारी पुरते. म्हणूनच आज फिजिओथेरपीची कॉलेजातली मुलं ती घेऊन गावात फिरू शकतात. विट्याहून तास-सव्वातासावर कराड, तिथल्या कृष्णा विद्यापीठात फिजिओथेरपी शिकवतात. अशा कॉलेजांतले प्रबंध चाळले तर विषय बघून बरं वाटतं. शेतमजूर, ड्रायव्हर, शिंपी, शिक्षक, विणकर. रामाझिनीनं काढलेली यादी पुन्हा सुरू झाल्यासारखी.

आमच्या सोप्यातली प्रश्नावली

मग मी काय केलं? ती नऊ भागांची आकृती प्रिंट केली आणि दिवाळीत घरी गेले. मी फिजिओ नाही, हे संशोधन नाही. पण विचारायला काय हरकत?

आण्णांचं काम आधी सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माग बघितला नसेल. आडव्या बीमवर ताणा गुंडाळलेला असतो, म्हणजे उभे धागे. धोटा त्यातून इकडून तिकडे धावतो आणि बाणा घालतो, म्हणजे आडवे धागे. धोट्यात सुताची कांडी. कांडी संपली की बदलायची, तार तुटली की माग थांबवून, आत वाकून, नेमकी तार शोधून गाठ मारायची. आण्णांकडे सहा माग. दोन रांगांमधल्या बोळातून दिवसभर फेऱ्या, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. मजुरी मीटरवर. माग थांबला की मीटर थांबला, मीटर थांबला की पैसा थांबला.

आण्णांनी पेन घेतलं. कंबरेवर फुली. उजव्या खांद्यावर फुली. गुडघ्यांवर दोन्ही. मग पुढचा प्रश्न, बारा महिन्यांत दुखण्यानं काम अडलं का?

"नाही."

मी म्हटलं, "आण्णा, आवो श्रावणात तुम्हाला उठता येत नव्हतं!"

"उठता येत नव्हतं, पण कामावर गेलो का नाही? मग अडलं कुठं?"

मंडळी, मी तिथेच थांबले. कागदावर आण्णा "काम अडलं नाही" या रकान्यात जाणार होते, म्हणजे त्रास सौम्य. खरं कारण असं की त्यांना अडायची परवानगीच नव्हती. सुट्टीचा पगार नाही, बदली माणूस नाही. आणि ज्यांचं खरंच अडलं, ते आता मागावर नाहीतच. एक जण वॉचमन झाला, एक गावी शेळ्या राखतो. पाहणी करणारा शेडमध्ये गेला तर त्याला उरलेलेच भेटणार, जे टिकले ते. संशोधनात याला 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात. आजारी माणूस गळून गेल्यामुळे काम आहे त्याहून निरुपद्रवी दिसतं.

आत्या शेजारीच बसली होती. ती कांडी मशीनवर आहे. बसून काम, म्हणून सगळे म्हणतात हलकं काम. भरलेली कांडी काढायची, रिकामी लावायची, पाळीभर तेच. तिनं मनगटावर आणि मानेवर फुल्या मारल्या. म्हणाली, "बसूनच तर असती मी. उभं ऱ्हायाला मिळालं तर बरं वाटतं." आण्णा म्हणाले, "मला बसायला मिळालं तर बरं वाटतं."

दोघेही हसले. मी हसले नाही, कारण माझ्या अख्ख्या भागाचं उत्तर त्या दोन वाक्यांत होतं.

रात्री मामाला फोन लावला. मामा गलाईवाला. इकडच्या दुष्काळी भागातली घरंच्या घरं या धंद्यात देशभर गेलीत, कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ कट्ट्यावर आपल्याकडचा माणूस सोनं-चांदी गाळताना सापडतो. मामा मुशीसमोर उकिडवा बसतो, धूर आणि तेजाबाच्या वासात. त्याला विचारलं, काय दुखतं? तो म्हणाला, "गुडघं. पण ते सांगाय कुठं वेळ हाय?" कुठल्याही पाहणीत मामा येणार नाही. इथल्या पाहणीत तो बाहेरगावी, आणि तिथल्या पाहणीत तो परगावचा.

मग मोबाइलचं काय?

थांबा, तुमच्या मानेकडे येते. 2014 मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हन्सराज यांनी संगणकावर हिशेब मांडला की साठ अंशात मान वाकवली तर तिच्यावर साधारण 27 किलोचा भार येतो. ते चित्र तुम्ही रीलमध्ये शंभरदा बघितलं असेल, मानेवर बसलेलं पोर. हिशेब भाराचा होता, दुखण्याचा नव्हता. 2018 मध्ये ब्राझीलमध्ये 18 ते 21 वर्षांच्या दीडशे मुलामुलींना मोबाइल बघताना तपासलं, तर मान जास्त वाकवणाऱ्यांची मान जास्त दुखते, असं काही आढळलं नाही. 2019 मध्ये फिजिओथेरपीच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात काही संशोधकांनी सरळ लिहिलं की सगळ्यांसाठी एकच योग्य पोश्चर असतं याला भक्कम पुरावा नाही. अवस्था बदलत राहा, आणि एकाच अवस्थेला घाबरू नका.

म्हणजे काठीला बांधलेलं ते झाड आता फिजिओच सोडवू लागलेत.

पण मग "हलत राहा" एवढंच म्हणून चालेल का? आण्णा तर दिवसभर चालतात. इथे अजून एक तुकडा जोडायचाय. डेन्मार्कचे आंद्रेयास होल्टरमान आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षं एक कोडं मांडतायत. मोकळ्या वेळातली हालचाल हृदयाला चांगली, पण कामातली जड हालचाल तशी चांगली दिसत नाही, काही पाहण्यांत उलट वाईट दिसते. का? ते म्हणतात, व्यायामात जोर थोडा वेळ असतो आणि मग विसावा. कामात हालचाल तासन्‌तास, विसावा पुरेसा नाही, आणि वेग आपल्या हातात नाही. हे हृदयाबद्दल आहे, कंबरेबद्दल नाही, सरसकट लावू नका. पण मला लगेच नमस्कार आणि माग आठवले. दोन्हीत माणूस वाकतो. नमस्कारात स्वतःच्या श्वासावर वाकतो आणि उलटा मागेही वळतो. मागावर मशीनच्या ठेक्यावर वाकतो, आणि पुन्हा पुढेच.

म्हणून मला वाटतं की "नीट कसं बसायचं" हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की उठायचं कधी हे कोण ठरवतं?

आणि हा प्रश्न कायद्याला माहीत होता बरं का. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 44 होतं. ज्यांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसायची सोय ठेवायची, म्हणजे कामात जरा उसंत मिळाली की त्यांना टेकता येईल. बहात्तर पानी अहवाल नको, एक स्टूल! पण कायदा लागू व्हायला ठरावीक संख्येनं कामगार लागायचे, आणि चार-सहा मागांच्या शेडमध्ये तेवढे नसतातच. दुकानांत तर बसायचा हक्क फार उशिरा आला. केरळमध्ये 2018 ला, तमिळनाडूत 2021 ला. केरळात तो मागितला कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी. कापड विणणारा उभा, आणि ते विकणारीही उभी.

पुढे काय झालं

आण्णांच्या मालकाशी बोलले मी. भांडायला नाही गेले. तोही चार मागांपासून सुरू केलेला माणूस, सुताचा भाव आणि वीजबिल यांत अडकलेला, आणि त्याचीही कंबर दुखते. मी स्टूलचं काढलं. तो म्हणाला, "ठेव की, कोण नको म्हणतंय." बोळाच्या टोकाला स्टूल ठेवलं. पहिला आठवडा त्यावर आण्णांचा डबा बसला. आण्णा नाही. म्हणे, "बसलेला दिसलो तर बरं न्हाय वाटत." तीस वर्षांची सवय स्टूलनं जात नाही. मग शेजारच्या शेडचा जॉबर येऊन त्यावर बसायला लागला, तेव्हा आण्णांना वाटलं, आपलं स्टूल दुसराच वापरतोय! आता बसतात.

आण्णांना मी माझ्या फिजिओकडेही नेलं. तिनं कागद दिला नाही. आधी विचारलं, "काका, दाखवा तार कशी जोडता." आण्णांनी तिच्या टेबलावर वाकून दाखवलं. मग तिनं सांगितलं, वाकणं बंद करू नका, पण दर फेरीला बोळाच्या टोकाला पोचलात की कंबरेवर हात ठेवून मागे वळा, चार वेळा. बीम एकट्यानं उचलू नका. सकाळी हे तीन व्यायाम. आण्णा घरी येऊन आईला म्हणाले, "अर्धा नमस्कारच हाय की ह्यो."

दुखणं गेलं का? नाही. तीस वर्षांचं आहे ते. पण रात्री कूस बदलताना उठून बसावं लागायचं, ते आता बरंच कमी झालंय. आणि तो जुना छापील कागद आईनं डब्याखाली घातलाय.

तर मंडळी, जाता जाता एक काम देते. आज घरी कुणाचीही पाठ, मान, गुडघा दुखत असेल, तर "नीट बस" म्हणू नका. रामाझिनीचा प्रश्न विचारा. दिवसभर नेमकं काय करता? आणि त्याला माझा एक जोडा. मध्ये थांबता येतं का? उत्तर मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या एखाद्या भागात त्यांतली काही ऐकू.

आणि तुम्ही स्वतः? पाऊण तास होत आला. कसेही बसला असाल, पोक काढून, आडवे, पाय वर करून, सगळं चालेल. फक्त आता उठा. तुम्हाला उठता येतंय, तर उठा.

भेटू पुढच्या भागात.